‘माहिती भरपूर, म्हणणं कुठंय?’ : युक्तिवादी निबंधाची बांधणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम. ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला ‘महाराष्ट्राची रोजगार हमी योजना : यश की अपयश?’ या विषयावर अडीच हजार शब्दांचा निबंध द्यायचा आहे. तुम्ही प्रस्तावना, इतिहास, फायदे, तोटे, उपसंहार अशी मांडणी केलीत. मार्गदर्शकांनी समासात ‘माहिती भरपूर, म्हणणं कुठंय?’ एवढंच लिहून मसुदा परत केला. आता रचना बदलायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पदव्युत्तर वर्गांचे निबंध आणि लघुप्रबंध तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हाच शेरा मीही कितीतरी मसुद्यांवर लिहिला आहे, त्यामुळे दुखणं कुठे आहे ते सांगतो. ते ‘फायदे’ आणि ‘तोटे’ या दोन मथळ्यांत आहे. शाळेत आपण सगळ्यांनी ‘विज्ञान : शाप की वरदान’ लिहिलेलं असतं. अर्धं पान शाप, अर्धं पान वरदान, आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणून सुटका. परीक्षक खूश, आपण खूश. ती सवय एम. ए. पर्यंत येते, फक्त तळटिपा वाढतात. फायदे-तोट्यांची यादी कुठल्याही क्रमाने लावली तरी चालते, कारण त्यातला एक मुद्दा दुसऱ्यावर उभा नसतो. तुमच्या मसुद्यातला तिसरा फायदा काढून पाचव्या जागी टाका, निबंधाला काहीही होत नाही. बांधणी नाही याची ही सगळ्यात सोपी खूण.

म्हणून आधी मथळे बाजूला ठेवा आणि एक वाक्य लिहा. ज्याला एखादा शहाणा, वाचलेला माणूस ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल असं वाक्य. ‘रोहयो (म्हणजे रोजगार हमी योजना) ही महाराष्ट्राची एक महत्त्वाची योजना होती’ याला कोण नाही म्हणणार? ते कामाचं नाही. ‘रोहयो यशस्वी झाली’ हे थोडं बरं, पण यश कशात मोजायचं हे न सांगितल्याने वाद सुरूच होत नाही. मजुराच्या पोटात चार घास गेले हे यश, की गावात पाझर तलाव झाला हे यश, की माणूस पुण्या-मुंबईला गेला नाही हे यश?

तुमच्या मसुद्यातच एक चांगलं म्हणणं दडलेलं आहे. सातव्या पानावर तुम्ही लिहिलंय की १९८८ मध्ये रोहयोची मजुरी किमान वेतनाबरोबर वाढून जवळपास दुप्पट झाली आणि त्यानंतर कामावरची हजेरी घसरली. हे वाक्य ‘तोटे’ या मथळ्याखाली, भ्रष्टाचार आणि बोगस मस्टर (खोटे हजेरीपट) यांच्या मधे चेंगरून बसलंय. खरं तर तिथेच तुमचा निबंध सुरू होतो. मजुरी वाढली तर माणसं जास्त यायला हवीत. कमी का आली? एक उत्तर असं की वाढीव मजुरीच्या हिशेबाने सरकारने पैसा वाढवला नाही, म्हणून कामं कमी उघडली आणि मागूनही काम मिळेना. दुसरं उत्तर असं की त्या काळात गावात शेतीची कामं वाढली, लोकांना रोहयोची गरजच कमी राहिली. दोन्ही उत्तरं शहाण्या माणसांची आहेत. तुम्ही एक बाजू घ्या. उदाहरणादाखल मी पहिली घेतो आणि वाक्य असं करतो: ‘रोजगार हमीची हमी खरी ठरली ती मागणीचा कायदेशीर हक्क आणि त्यासाठी वेगळा उभारलेला पैसा या दोन आधारांवर, १९८८ नंतर ती सैल पडली, कारण मजुरी वाढवताना दुसरा आधार त्या प्रमाणात वाढवला गेला नाही.’

लांबडं आहे, मान्य. निबंधात ते असंच्या असं यायचीही गरज नाही. पण हे वाक्य टेबलावर समोर चिकटवून ठेवा, कारण काय लिहायचं आणि काय गाळायचं हे तेच ठरवणार आहे. योजनेला पुढे १९९० च्या सुमारास फळबाग लागवड जोडली गेली, त्यावर तुम्ही दीड पान खर्च केलंय. माहिती उत्तम आहे. या वाक्याशी तिचा संबंध नाही. काढा. जीव तुटेल, तरी काढा.

आता क्रम. बहुतेक पुस्तकं इथे ‘प्रस्तावना, मध्य, समारोप’ सांगतात. ते चूक नाही, पण त्याने फारसं काही कळत नाही. पत्रालाही आरंभ, मध्य, शेवट असतोच. माझा अनुभव असा की युक्तिवादी निबंधाचा क्रम लिहिणाऱ्याच्या टिपणवहीतून येत नाही, तो शंका घेणाऱ्या वाचकाकडून येतो. तुमचं वाक्य अशा एका माणसाला वाचून दाखवा, ज्याला विषय माहीत आहे पण तुमचं पटलेलं नाही. तो पहिल्यांदा काय विचारेल? त्याचं उत्तर दिल्यावर त्याच्या मनात पुढचा कोणता प्रश्न येईल? ते प्रश्न एकाखाली एक मांडा. सांगाडा तयार झाला.

आपल्या वाक्यावर तो बहुधा असं विचारेल. ‘हमी हमी म्हणता, पण दुष्काळी कामं तर इंग्रजांच्या काळापासून होती. वेगळं काय केलं?’ इथे तुम्हाला १९७२ चा दुष्काळ, योजनेचे जनक वि. स. पागे आणि १९७७ चा कायदा लागतो. ‘कायद्यात लिहिलं म्हणून मिळतं का? पैसा कुठून आला?’ इथे १९७५ चा व्यवसाय कर येतो. पगारदाराच्या पावतीतून आजही कापला जाणारा हाच तो कर. त्याचं मूळ दुष्काळातल्या मजुरात आहे हे शहरातल्या फार थोड्यांना माहीत असतं, पण असो. ‘बरं, पैसा आला. पण खऱ्या गरजूंपर्यंत पोचला का?’ इथे ‘आपोआप निवड’ हा मुद्दा. भर उन्हात खडी फोडायची आणि मजुरी बेताची, म्हणजे ज्याला दुसरा पर्याय आहे तो येणारच नाही. वेगळी दारिद्र्यरेषेची यादी करायची गरज नाही. आणि हे मान्य करताच तो तुम्हाला कोंडीत पकडतो: ‘मग मजुरी दुप्पट केल्यावर ही चाळणी फाटली नाही का? काम मागणाऱ्यांची गर्दी वाढली आणि पैसा पुरला नाही, यात सरकारचा काय दोष?’ हा तुमच्या निबंधातला सगळ्यात अवघड प्रश्न. म्हणून सगळ्यात जास्त जागा त्याला.

पहा, इतिहास गेला नाही. तो वेगवेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांत विखुरला. १९७२ एका ठिकाणी आला, १९७५ दुसऱ्या ठिकाणी, आणि प्रत्येक सनाला तिथे असण्याचं कारण मिळालं. ‘योजनेचा इतिहास’ नावाचा वेगळा विभाग असला की तिथे वाचक झोपतो, कारण हे सगळं आपल्याला का सांगतायत हे त्याला कळलेलं नसतं.

आता एक परिच्छेद जवळून बघू. तुमच्या मसुद्यातला हा:

‘रोजगार हमी योजना १९७२ साली सुरू झाली. वि. स. पागे हे तिचे जनक होत. १९७७ साली कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. योजनेत पाझर तलाव, नालाबांध, रस्ते इत्यादी कामे झाली. व्यवसाय कर लावण्यात आला. त्यामुळे ग्रामीण भागाचा विकास झाला.’

सहा वाक्यं, सगळी साधारण बरोबर, आणि शेवटचं ‘त्यामुळे’ कशावरच टेकलेलं नाही. कशामुळे? करामुळे? तलावामुळे? पागे जनक होते त्यामुळे? मसुदा तपासताना मी ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘परिणामी’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करतो आणि प्रत्येक गोलामागे कारण सापडतं का ते बघतो. निम्म्याहून जास्त वेळा सापडत नाही. तुम्हीही करून पहा.

तोच मजकूर पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिला तर:

‘दुष्काळी कामे आणि रोजगार हमी यांतला फरक कामाच्या प्रकारात नाही, पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते दोन्हींकडे आहेत. फरक आहे तो काम कोणामुळे सुरू व्हायचे यात. दुष्काळी कामे शासनाच्या निर्णयाने उघडत आणि शासनाच्याच निर्णयाने बंद होत. १९७७ च्या कायद्याने हा क्रम उलटा केला. नोंदणी झालेल्या मजुराने काम मागितले की पंधरा दिवसांत ते देणे, आणि न दिल्यास बेकारभत्ता देणे, ही शासनाची जबाबदारी ठरली. टंचाई जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण, निदान कायद्यापुरते, उरले नाही. हा हक्क प्रत्यक्षात किती चालला हे मात्र कायद्याच्या भाषेवरून ठरत नाही. त्यासाठी पैशाकडे वळावे लागते.’

पहिलं वाक्य म्हणणं सांगतं, मधली वाक्यं पुरावा देतात, त्यानंतर त्या पुराव्याचा अर्थ येतो, आणि शेवटचं वाक्य वाचकाला पुढच्या प्रश्नाकडे नेतं. यातलं तिसरं काम आपल्याकडे सर्रास गाळलं जातं. आकडा दिला, अवतरण दिलं, की पुढचा मुद्दा. लिहिणाऱ्याला अर्थ इतका उघड वाटतो की तो लिहायची गरज भासत नाही. वाचकाला मात्र तोच हवा असतो. ‘निदान कायद्यापुरते’ हे दोन शब्दही बघा. ते नसते तर शंकेखोर वाचकाने तिथेच ‘कागदावर!’ म्हणून टोकलं असतं. आपण आधीच म्हणून टाकलं.

विरोधकाचं काय करायचं, हा पुढचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. बहुतेक मसुद्यांत शेवटून दुसरा परिच्छेद ‘काही अभ्यासकांनी मात्र टीका केली आहे’ असा असतो आणि तीन ओळींत आटोपतो. कोण अभ्यासक? काय टीका? आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत याहून चांगली शिस्त होती. मीमांसाशास्त्राच्या अधिकरणात, म्हणजे एकेका मुद्द्यावरच्या चर्चेत, विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय असा क्रम असतो, म्हणजे समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या म्हणण्याआधी, आणि तेही त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचं.

आधुनिक, विद्यापीठीय निबंधात हे कसं दिसतं ते पाहायचं असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेला भारतातील जातींवरचा निबंध काढा. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याहून फार मोठे नव्हेत. ते सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर (हे आपले ज्ञानकोशकार केतकर) या चौघांच्या जातीच्या व्याख्या आधी समोर ठेवतात. मग एकेक तपासतात, पण सरसकट झोडपत नाहीत. विटाळाची कल्पना जातीचा गाभा नाही, असं सेनारबद्दल. बाहेरच्यांशी जेवणखाण नसणं हा परिणाम आहे, नेसफील्डने तो कारण समजला. केतकरांना तर ते मोठं श्रेय देतात. केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं म्हणजे जन्माने मिळणारं सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. ती दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, एवढंच ते दाखवतात. आणि या चाळणीतून अंतर्विवाह (आपल्या गटातच लग्न) हाच जातीचा गाभा, हे त्यांचं स्वतःचं म्हणणं बाहेर येतं. वाचकाला ते लादलेलं वाटत नाही, कारण इतर उत्तरं कुठे अपुरी पडतात हे त्याने नुकतंच पाहिलेलं असतं. लगेच पुढे ते स्वतःवरच आक्षेप घेतात: अमेरिकेतही गोरे, काळे, आदिवासी गट आपापसातच लग्नं करतात, मग तिथे जात का नाही? आणि त्याला उत्तर देऊनच पुढे सरकतात. हा निबंध मी विद्यार्थ्यांना मतासाठी आधी वाचायला देत नाही, बांधणीसाठी देतो. मताबद्दल नंतर भांडा.

तुमच्या विषयात असे तगडे विरोधक आहेत, त्यांना लपवू नका. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये मांडलेला आक्षेप असा की कष्ट मजुराचे, पण त्यातून झालेले रस्ते, बंधारे, तलाव यांचा लाभ जमीन असणाऱ्यांना. म्हणून बड्या शेतकऱ्यांचा या योजनेला विरोध झाला नाही. हा मुद्दा तुमच्या म्हणण्याला पाडतो का? नाही. तुमचं म्हणणं हमीबद्दल आहे, मालमत्तेच्या वाटपाबद्दल नाही. तेव्हा तो सरळ मान्य करा, आणि जमल्यास वापरून घ्या: बड्यांनाही फायदा होता म्हणूनच वेगळा कर इतकी वर्षं टिकला असेल. मान्य केलेला आक्षेप असा आपल्या बाजूला ओढता येतो.

१९८८ चा प्रश्न तसा सोडवता येत नाही, तिथे लढावंच लागतं. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांचा १९९३ चा लेख तुमच्या यादीत आहे, पण तुम्ही त्यातून एक आकडा उचलून पुढे गेलात. त्या लेखाचा प्रश्नच तुमचा आहे: मजुरीवाढीनंतर हजेरी घसरली ती लोकांना काम नको होतं म्हणून, की मागूनही मिळत नव्हतं म्हणून? त्यांचा निष्कर्ष दुसऱ्या बाजूला झुकतो, म्हणजे मागणी होती, पण कामाचं रेशनिंग झालं, मागणाऱ्या सगळ्यांना ते मिळालं नाही. मग तुमचं वेगळं काय? हे की हे तिघे मजुरीवाढीच्या परिणामाबद्दल बोलतात आणि तुम्ही हमीच्या दोन आधारांबद्दल. त्यांचा पुरावा घेऊन तुम्ही एक पाऊल पुढे टाकताय. कुठवर त्यांचं आणि कुठून तुमचं, ही रेघ वाक्यात स्पष्ट दिसली पाहिजे. ‘त्यांनी दाखवले आहे की’ आणि ‘यावरून माझा असा दावा आहे की’, बस. ‘मी’ लिहायला घाबरू नका. ‘असे म्हटले जाते’, ‘विचारवंतांच्या मते’, ‘असे दिसून येते’ ही वाक्यं नम्र वाटतात, पण त्यांत कोण बोलतंय तेच कळत नाही.

प्रस्तावना शेवटी लिहा. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ने सुरुवात केलेला निबंध मी अजूनही वाचतो, पण भुवया आपोआप वर जातात. थेट कोड्यापासून सुरू करा: १९८८ साली मजुरी वाढली आणि हजेरी घसरली. मग त्याची रूढ उत्तरं एका-दोन वाक्यांत, मग तुमचं उत्तर, मग ते कोणत्या टप्प्यांनी दाखवणार. अडीच हजार शब्दांत प्रस्तावनेला दोनशे-अडीचशे पुष्कळ झाले. पहिल्या दोन प्रश्नांना मिळून सहाशे-सातशे, आपोआप निवडीला चारशेच्या आसपास, १९८८ ला निदान आठशे.

समारोपात पहिलं पान पुन्हा लिहू नका. तुमचं म्हणणं खरं असेल तर त्यातून पुढे काय निघतं ते सांगा. केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मागणीचा हक्क आणि बेकारभत्ता या दोन्ही कल्पना घेतल्या, पण हमी घरटी शंभर दिवसांची ठेवली. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी दिवसांची मर्यादा नव्हती. तुमच्या दोन आधारांच्या कसोटीवर ही शंभर दिवसांची हमी कशी दिसते? दीडशे-दोनशे शब्दांत एवढं तपासा आणि थांबा. इथे नवीन विषय उघडायचा मोह होईल, विशेषतः भ्रष्टाचाराचा. बोगस मस्टरवर स्वतंत्र निबंध होऊ शकतो, पण इथे त्याला जागा नाही.

पुन्हा लिहून झाल्यावर एक तपासणी. प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा आणि ती वाक्यं सलग वाचा. युक्तिवाद समजला तर बांधणी झाली. दोन वाक्यांच्या मधे ‘हे मधेच कुठून आलं?’ वाटलं, तर तिथे एक प्रश्न निसटलाय किंवा परिच्छेद चुकीच्या जागी आहे. ही तपासणी मित्राकडून करून घेतलीत तर उत्तम, आणि तो मित्र अर्थशास्त्राचा नसला तर अधिक उत्तम.

राहता राहिला विद्यापीठाच्या छापील नमुन्याचा प्रश्न. काही ठिकाणी ‘प्रस्तावना, पार्श्वभूमी, विश्लेषण, निष्कर्ष’ हे मथळे सक्तीचे असतात, आणि त्यावर वाद घालून गुण मिळत नाहीत. तुमच्याकडे तसं असेल तर मथळे तेच ठेवा. कायदा आणि कर हे पहिले दोन प्रश्न ‘पार्श्वभूमी’त बसतात, आपोआप निवड आणि १९८८ ‘विश्लेषणा’त. ‘फायदे’ आणि ‘तोटे’ मात्र नमुन्यात नसतील तर स्वतःहून घालू नका. शीर्षकातलं ‘यश की अपयश?’ही मार्गदर्शकांना विचारून बदलता आलं तर बघा. ‘मजुरी वाढली, हजेरी का घसरली?’ असं केलंत तर निबंध कशाबद्दल आहे ते मुखपृष्ठावरच कळेल.